पोटरीतलं संप्रेरक आणि अण्णांची गोळी

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. त्यातले एक आमच्या सोलापुरातल्या अशोक चौकाकडचे अण्णा. तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते, चार महिन्यांपूर्वी स्टेंट बसवलाय. मेसेज थोडक्यात असा: "स्नायूंतून आयरिसिन नावाचं संप्रेरक निघतं, ते हृदयातले ब्लॉकेज विरघळवतं. पोटरी म्हणजे दुसरं हृदय. रोज पाच मिनिटं टाचा वर-खाली करा, गोळ्या लागणार नाहीत. जुने गिरणी कामगार दिवसभर उभे राबायचे म्हणून त्यांना अटॅक येत नव्हता. औषध कंपन्यांनी हे दडवलंय." खाली अण्णांची भर: "सर, सोडल्या की मी गोळ्या."

मी डॉक्टर नाही, कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. पण यातलं बरंच तपासता येतं.

आयरिसिन खरं आहे. 2012 मध्ये हार्वर्डच्या ब्रूस स्पिगेलमन यांच्या गटाने ते 'नेचर'मध्ये मांडलं आणि ग्रीक देवांची निरोप्या असलेल्या आयरिसवरून नाव ठेवलं. प्रयोग मुख्यतः उंदरांवर होते आणि विषय होता चरबीचा, ब्लॉकेजचा नव्हे. पुढे तर माणसाच्या रक्तात हे नीट मोजता येतं का, यावरूनच भांडण लागलं. 2015 मध्ये दिसलं, की बाजारातली तपासणी-किट भलतीच प्रथिनं पकडत होती. त्याच वर्षी जास्त काटेकोर पद्धतीने मोजलं तेव्हा बैठ्या माणसांत मिलीलीटरमागे सुमारे 3.6 नॅनोग्रॅम आणि नियमित व्यायाम करणाऱ्यांत 4.3 निघालं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. फरक आहे, पण एवढासा.

आणि विरघळवायचं काय? ब्लॉकेज नळाला धरलेल्या क्षारासारखं आतून चिकटलेलं नसतं. ते रोहिणीच्या भिंतीच्या आत वाढतं, त्यात चरबी, पेशी, कॅल्शियम सगळं असतं. 2006 च्या एका प्रयोगात स्टॅटिन गटातली (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी पूर्ण मात्रेत दोन वर्षं दिली, तेव्हा रोहिणीत या साठ्याने व्यापलेला वाटा शंभरात जेमतेम एकाने उतरला. अण्णांनी सोडलेल्या पुडक्यात याच गटातली एक गोळी आहे!

स्नायूंतून आलं म्हणजे चांगलंच, हेही गृहीत धरू नका. कोपनहेगनच्या बेन्टे पेडरसन यांनी 2000 च्या सुमारास दाखवलं, की व्यायाम करताना स्नायू इंटरल्यूकिन-6 रक्तात सोडतात. ते चढतं आणि काही तासांत उतरतं. पण हेच रसायन शरीरातल्या जुनाट दाहामुळे सतत थोडं थोडं वर राहिलं, तर रोहिण्यांच्या आजाराशी त्याचा संबंध लागतो. ते रोखणारी औषधंही हृदयरोगासाठी तपासली जातायत. स्नायूतून उसळून शमणारं वेगळं, धुमसत राहणारं वेगळं.

पोटरीचं म्हणाल तर उपमा बरी आहे, पायातलं अशुद्ध रक्त वर ढकलायला ती मदत करतेच. पण हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांशी तिचा काय संबंध? आणि पाच मिनिटं! गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलणाऱ्यांना विचारा, किती दिवस आधीपासून सराव असतो ते.

गिरणीचा मुद्दा मात्र मला आवडला, कारण त्याच्या जवळपास एक खरी गोष्ट आहे. 1953 मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासले. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. हलण्याने फायदा होतो, तो असा. यंत्रमागापुढे बारा तास उभं राहणं म्हणजे जिने चढणं नव्हे. तसं असतं तर अण्णांना स्टेंट लागला नसता.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: निरोप उलटाही जातो. हृदय स्वतः संप्रेरकं सोडतं, हे 1981 मध्ये कॅनडात अडॉल्फो डी बोल्ड यांनी दाखवलं. हृदय थकलंय का, हे बघायला आज जी बीएनपी तपासणी करतात, ती अशाच एका संप्रेरकाची. 2010 मध्ये उंदरांत दिसलं, की कमजोर हृदयातून निघणारं मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन हातापायांचे स्नायू झिजवतं. म्हणजे "पायात जोर राहिला नाही" या तक्रारीचं मूळ कधीकधी छातीत असू शकतं. भारतासह 17 देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, 2015 मध्ये, मुठीची पकड पाच किलोने कमी असलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मरण्याचा धोका सुमारे 17 टक्के जास्त दिसला. आता कुणी म्हणेल, चला, रोज चेंडू दाबू. पण सैल पकड ही आजाराची खूणही असू शकते.

दडवण्याबद्दल एवढंच: यातलं सगळं छापील आहे. संप्रेरकाची गोळी करता आली असती, तर कंपन्यांनी ती केव्हाच विकली असती.

राहिल्या गोळ्या. नवा स्टेंट म्हणजे रक्ताच्या दृष्टीने परका धातू. रक्त गोठू न देणारी गोळी अचानक सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ते तासाभरात जिवावर बेततं. म्हणून मी त्या संध्याकाळी फोन न करता अण्णांच्या घरी गेलो. ते दाराच्या चौकटीला धरून टाचा उचलत होते, अठ्ठावीस, एकोणतीस. वहिनींनी डबीतून पुडकं काढलं. अकरा गोळ्या शिल्लक होत्या, सहाच असायला हव्या होत्या. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

टाचा ते अजून उचलतात. डॉक्टरांनीही नाही म्हटलं नाही, शिवाय होम मैदानाला रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. काल तोच मेसेज पुन्हा आला. या वेळी पाचाची सात मिनिटं झाली होती.