‘पत्र्यावरचा पाऊस गेलाच नाही’: एक स्टार अभिप्रायाला स्टुडिओचं उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार अशी की पैसे घेऊनही तुमच्या फिल्ममधल्या संवादामागचा पावसाचा आवाज तसाच आहे, आजीच्या सीनला डबिंग सुचवून आम्ही बिल फुगवायला बघितलं, आणि हेच काम फुकटचं एआय ॲप मिनिटभरात करतं.

पहिल्या दोन सीनमधली घरघर साफ गेली, ते मात्र लिहायचं राहिलं. ती विजेची हम होती. ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० कंपनं) आणि त्याच्या पटीत, जागा ठरलेली, कापायला सोपी. पावसाला अशी जागा नसते. पत्र्यावरचा पाऊस खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरतो आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ त्याच गर्दीत सापडतात. ‘स’चा जोर तर साधारण ४ हजार हर्ट्झच्या वरच.

त्यात आजी कुजबुजते. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसती हवा घासत बाहेर येते. सॉफ्टवेअरला ती हवा आणि पाऊस जवळपास सारखेच. नॉइज रिडक्शन, म्हणजे गोंगाट कमी करण्याची प्रक्रिया, तुमच्यासमोर वाढवत नेली तेव्हा ‘सांगू नकोस’मधले दोन्ही ‘स’ गेले आणि उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. तुमच्या ॲपनं तर निम्मी कुजबुजच गोंगाट समजून पुसली. म्हणून थोडा पाऊस मी मुद्दाम ठेवला. फ्रेममध्ये पागोळ्या गळताना दिसतात. तिथं शांतता उलट खटकली असती.

डबिंग फक्त सुचवलं होतं. बिलात त्याचा एक रुपया नाही, पुन्हा बघा.

आता कामाचं. आम्हाला मिळाला तो एडिटमधून काढलेला ट्रॅक, बूम (काठीवरचा माइक) आणि लेपल (कपड्यांना लावलेला छोटा माइक) एकत्र मिसळलेले. रेकॉर्डरच्या कार्डावर लेपलची वेगळी वेव्ह फाइल असेल तर ती आणा. माइक आणि तोंडातलं अंतर निम्मं झालं की बोलणं सुमारे ६ डेसिबलनं वर येतं, पाऊस आहे तेवढाच राहतो. लेपल तर बूमपेक्षा कितीतरी जवळ. ती फाइल मिळाली तर तो सीन वेगळे पैसे न घेता पुन्हा करून देतो.

कार्ड फॉरमॅट झालं असेल तर डबिंगला पर्याय नाही आणि त्याचा नेहमीचा दर पडेल. आजींना जिना चढवत नसेल तर रेकॉर्डर घेऊन मी घरी येईन. तेवढा वेळ पंखा आणि फ्रीज बंद ठेवायला घरच्यांना सांगून ठेवा.