खुलासा: अ‍ॅलन कार्डेक ‘माध्यम’ नव्हता

‘स्पिरिटिझम म्हणजे प्लँचेट, आणि अ‍ॅलन कार्डेक हा अंगात आत्मे आणणारा माध्यम होता’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत. स्पिरिटिझम ही आत्म्यांशी संवादावर आधारलेली विचारप्रणाली, आणि कार्डेक तिचा फ्रेंच प्रवर्तक.

कार्डेक हे टोपणनाव. माणूस होता इपोलित लेओं रिव्हाय, १८०४ साली लियोंमध्ये जन्मलेला, स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझीच्या शाळेत शिकलेला आणि पुढे व्याकरण-गणिताची पाठ्यपुस्तके लिहिणारा शिक्षक. तो स्वतः माध्यम नव्हता. वेगवेगळ्या माध्यमांना प्रश्न विचारायचे, उत्तरे ताडून पाहायची, मग मांडणी करायची, ही त्याची रीत. अशा प्रश्नोत्तरांच्या त्याच्या ‘आत्म्यांचे पुस्तक’ची १८५७ ची पहिली आवृत्ती ५०१ प्रश्नांची होती, १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत ते हजारावर गेले. म्हणूनच कोणतेही अवतरण वाचताना आवृत्ती विचारायला हवी.

‘स्पिरिटिझम’ हा शब्दही त्यानेच घडवला, कारण ‘स्पिरिच्युअ‍ॅलिझम’चा अर्थ फार सैल होता. त्याच्या विचारात पुनर्जन्म आणि नैतिक उन्नती मध्यवर्ती आहेत. आत्म्यांना बोलावण्याच्या बैठकांत टेबले हलणे ही फक्त सुरुवात होती.

आत्म्यांशी संवाद खरा की खोटा, हा वाद वेगळा. पण एखादा मुद्दा विज्ञानाने चुकीचा ठरवला तर तो बदलावा, असे त्याने १८६८ मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. फिरणाऱ्या मजकुरात नेमके हेच गाळले आहे.