आधी स्वतःचा मास्क

परवा विमानात माझ्या शेजारी एक तरुण आई बसली होती, मांडीवर दीडेक वर्षाची मुलगी. एअर होस्टेस ऑक्सिजन मास्क कसा लावायचा ते दाखवत होती आणि आजूबाजूला सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. "आधी स्वतःचा मास्क लावा, मग इतरांना मदत करा" हे ऐकल्यावर ती मुलीला घट्ट धरून मला म्हणाली, "काकू, कसं शक्य आहे? मी तर आधी हिलाच लावणार."

तिचं काय चुकलं? कुठल्याही आईला हेच वाटेल. चूक आपली आहे, कारण त्या सूचनेमागचं कारण तिला कुणी कधी सांगितलेलंच नाही.

कारण आहे वेळ. विमान 35,000 फुटांवर असतं तेव्हा बाहेरची हवा इतकी विरळ असते की तिच्यावर माणूस शुद्धीत राहू शकत नाही. आत दाब राखलेला असतो म्हणून आपण आरामात बसलेलो असतो. तो दाब गेला, तर हातून काही धड काम होईल असा अवधी मिळतो अर्धा ते एक मिनिट. हवा झटक्यात निघून गेली तर त्याहूनही कमी. त्यातली पहिली काही सेकंदं तर दचकण्यातच जातात. उरलेल्या वेळात हात झटकणाऱ्या, रडणाऱ्या मुलाच्या तोंडाला मास्क बसवायचा म्हटलं, तर तो बसायच्या आधी आईचेच हात ढिले पडतील. मग दोघींना कोण वाचवणार? उलट आईने आधी स्वतःचा लावला आणि तेवढ्यात मूल बेशुद्ध झालं, तरी लगेच मास्क मिळाल्यावर ते सहसा शुद्धीवर येतं.

आणि यातली सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे काही दुखत नाही. जीव गुदमरतो तो मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. इथे तो तर श्वासावाटे बाहेर पडतच असतो. त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटत नाही. डोकं हलकं होतं, कधी कधी तर छान वाटतं, आणि आपलं सगळं ठीक चाललंय अशी खात्री असतानाच शुद्ध जाते.

पायलटसुद्धा यातून सुटत नाहीत. 14 ऑगस्ट 2005 ला हेलिओस एअरवेजचं विमान सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सकडे निघालं. आदल्या रात्रीच्या तपासणीनंतर केबिन प्रेशरचा स्विच 'मॅन्युअल'वरच राहिला होता, म्हणजे आतला दाब आपोआप राखला जाणार नव्हता, आणि उड्डाणाआधी तो कुणाच्या लक्षात आला नाही. वर जाताना धोक्याचा भोंगा वाजला. पण एरवी जमिनीवर असताना दुसऱ्याच कारणासाठी वाजणारा भोंगाही नेमका तसाच होता, आणि पायलटांचा घोळ झाला. मागे प्रवाशांसमोर मास्क लोंबकळत होते, पुढे पायलट भान हरपत होते. ऑटोपायलटवर विमान अथेन्सपर्यंत गेलं, घिरट्या घालत राहिलं. पाहायला गेलेल्या लढाऊ विमानांच्या वैमानिकांना कॅप्टनची खुर्ची रिकामी दिसली आणि सहवैमानिक निपचित पडलेला. इंधन संपत गेलं आणि विमान डोंगरावर कोसळलं. 121 माणसं गेली. हे वाचलं तेव्हापासून मला तो एक स्विच विसरता येत नाही.

एप्रिल 2018 मध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानाचं इंजिन फुटून खिडकी तुटली. त्या वेळी आतून काढलेले फोटो आजही पाहावेत. कितीतरी जणांनी मास्क फक्त तोंडावर धरलाय, नाक उघडंच! म्हणून सांगते, मास्क जोरात स्वतःकडे ओढा, बऱ्याच विमानांत ओढल्यावरच ऑक्सिजन सुरू होतो. नाक आणि तोंड दोन्ही झाका. पिशवी फुगली नाही तरी काढू नका, ऑक्सिजन येत असतो. जळल्यासारखा वास आला तर घाबरू नका, ऑक्सिजन तयार करणारं यंत्र तापतं त्याचा तो वास असतो. विमान वेगाने खाली जायला लागलं तर ते पडत नसतं. पायलट मुद्दामच ते 10,000 फुटांच्या आसपास आणत असतात, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. मास्कमधला ऑक्सिजन साधारण 12 ते 15 मिनिटं पुरतो, तेवढ्यात खाली पोहोचता येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की त्या घोषणेत एक वाक्य वाढवा: "तुमच्याकडे अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ असू शकतो." पाच सेकंदही लागणार नाहीत. नुसता हुकूम कानावरून जातो, कारण कळलं की माणूस मान वर करतो.

त्या तरुण आईला मी हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग वरच्या झाकणाकडे बघून विचारलं, "काकू, हिच्यासाठी वेगळा असेल ना?" बहुतेक विमानांत रांगेत एक मास्क जास्तीचा असतो, पण कुठल्या बाजूला ते क्रूला विचारायला हवं. तिने लगेच बेल दाबली.