बंधुप्रेम पुढच्या वर्षी

चर्चमधील रविवारच्या उपदेशाचा विषय कट्ट्यावर कोणालाही नव्याने सांगण्याची गरज नव्हती, कारण अविनाश सोडला तर आम्ही सगळेच तो ऐकून आलो होतो, आणि अविनाशला तो आम्ही प्रत्येकाने आपापल्या सोयीने ऐकवला होता. वाद उपदेशाबद्दल नव्हताच. तो होता उपदेशानंतर शलमोनाने उभे राहून दिलेल्या साक्षीबद्दल. ख्रिस्तावरील विश्वासामुळे आपण रागावर पूर्ण विजय मिळवला असून आपला स्वभाव आता आपल्याला स्वतःलाच ओळखू येत नाही, असे त्याने भर सभेत सांगितले होते. ते सांगताना मागच्या बाकावर रडलेल्या तान्ह्या मुलाकडे त्याने कोणत्या नजरेने पाहिले, हे जॉन सरांनी चश्मा नाकाच्या टोकावर आणून करून दाखवले, तेव्हा शलमोन सोडून सगळे हसले.

शलमोन आणि अविनाश एकमेकांशी थेट बोलत नाहीत, हे येथे सांगून ठेवणे बरे. कितीतरी नाताळांपूर्वी शलमोनाने एकट्याने म्हटलेले गीत इतक्या वरच्या पट्टीत सुरू झाले की दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याचा आवाज पोहोचलाच नाही, आणि पाहुणा म्हणून आलेला अविनाश मोठ्याने हसला. तेव्हापासून दोघे रोज एकाच कट्ट्यावर बसतात आणि एकमेकांसाठीची वाक्ये तिसऱ्याच्या हवाली करतात.

"शलमोनाला विचारा," अविनाश जॉन सरांकडे पाहत म्हणाला, "की विश्वासामुळे माणूस दयाळू होत असेल, तर त्याचा परिणाम एव्हाना नुसत्या डोळ्यांना दिसायला नको का? देव न मानणारी आणि तरीही अत्यंत कनवाळू अशी माणसे माझ्या ओळखीत आहेत, आणि नेमाने प्रार्थना करणारी पण जवळ उभे राहावेसे न वाटणारी माणसेही आहेत. नावे घेत नाही."

"त्यांना सांगा," शलमोन तितक्याच शांतपणे म्हणाला, "की हा विषय क्रमाक्रमाने समजून घ्यावा लागतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात क्रम स्पष्ट दिलेला आहे. विश्वासात सात्त्विकतेची भर घालायची, सात्त्विकतेत ज्ञानाची, मग इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम आणि शेवटी प्रीती. ही एक शिडी आहे. मी सध्या सुभक्तीच्या पायरीवर असून बंधुप्रेम पुढच्या वर्षी हाती घेणार आहे."

"म्हणजे यंदा बंधूंनी काय करायचे?" रूथने विचारले.

शलमोनाला या प्रश्नातील खोच कळली नाही, असे मला वाटते, कारण त्याने खिशातून एक वही काढली. आपण केलेली सत्कृत्ये आणि गिळलेले राग तो तारीखवार लिहून ठेवतो, हे आम्हाला ठाऊक होते, पण वही प्रत्यक्ष कोणी पाहिली नव्हती. जॉन सरांनी लगेच सांगितले की असा तक्ता बेंजामिन फ्रँकलिननेही केला होता, तेरा गुणांचा, आणि नम्रता पूर्णपणे साधली असे वाटले तरी आपल्याला त्या नम्रतेचाच अभिमान वाटेल, अशी कबुलीही त्यानेच देऊन ठेवली आहे. शलमोन म्हणाला की फ्रँकलिनपाशी पवित्र आत्मा नव्हता.

"आणि तुझ्यापाशी आहे, तरी वही लागते," रूथ म्हणाली. "मत्तयाचा पंचविसावा अध्याय काढ. शेवटच्या न्यायाच्या वेळी उजवीकडे उभ्या केलेल्या लोकांना राजा सांगतो की मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले, उघडा होतो तेव्हा पांघरूण घातले, आजारी होतो तेव्हा भेटायला आलात. त्यावर ते काय म्हणतात? प्रभू, हे आम्ही केव्हा केले? त्यांना आठवतच नाही. त्यांच्यातील एकाकडेही वही नाही, शलमोना. तारीखवार आठवण असणारा माणूस त्या गोष्टीत उजवीकडे कुठे सापडतो, ते मला दाखव."

अविनाश इतका खूश झाला की त्याने रूथची पाठ थोपटण्यासाठी हात पुढे केला, आणि तेथेच तो सापडला. "तू हसू नकोस," ती त्याच्याकडे वळून म्हणाली. "देव न मानणारी चांगली माणसे असतात, हे तू असे सांगतोस की जणू आमच्या घरातील चोरी पकडली. ते आम्हाला येशूनेच सांगून ठेवले आहे. लूकच्या दहाव्या अध्यायात वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला याजक आणि मंदिराचा सेवेकरी लेवी टाळून जातात, आणि जखमा बांधतो तो शोमरोनी, ज्याचा धर्म ऐकणाऱ्यांच्या लेखी बिघडलेला होता. चांगुलपणा केवळ आमच्याकडेच आहे, असा दावा कोणी केला असेल तर त्याच्याशी जाऊन भांड. माझा दावा फार लहान आहे. मी कालची जी होते, तिच्याशी माझी तुलना करायची, तुझ्याशी नाही."

"मग त्यासाठी विश्वास कशाला लागतो? स्वतःला सुधारण्याचा निश्चय पुरेसा आहे," अविनाश म्हणाला.

जॉन सरांना हेच हवे होते. निवृत्त शिक्षकाच्या हाती पाचवे शतक देऊ नये, हे आम्ही नेहमीच विसरतो. त्यांनी सांगितले की अविनाशने आत्ता जे म्हटले ते पेलागियस नावाच्या साधूने त्याच्या बरेच आधी आणि बरेच चांगले म्हटले होते. देवाने आज्ञा दिली आहे, याचा अर्थ ती पाळण्याची शक्ती माणसात आहे, असे पेलागियसचे मत होते. त्याच काळातील बिशप आणि धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन याची एक प्रार्थना आहे, "तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ दे, आणि मग हवी ती आज्ञा कर," आणि ती कानावर पडली तेव्हा पेलागियसला ती सहन झाली नाही, कारण सगळे देवानेच द्यायचे असेल तर माणूस हातपाय हलवणारच नाही, अशी त्याला भीती होती. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्याची शिकवण चुकीची ठरवली. "पण त्याची भीती मात्र चुकीची ठरली नाही," सर म्हणाले आणि त्यांनी शलमोनाकडे पाहिले नाही, ही त्यांची सभ्यता.

पुढे ते सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक ल्यूथरवर गेले. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ विश्वासाने, क्रियांनी नव्हे, असे तो शिकवी. 1522 च्या आपल्या नव्या कराराच्या भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचे पत्र म्हटले, कारण क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, हे त्यातील वाक्य त्याला अडचणीचे वाटत होते. ल्यूथरपंथीय आणि रोमन कॅथलिक यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयीचे संयुक्त निवेदन आउग्सबर्ग येथे स्वाक्षरित करायला 31 ऑक्टोबर 1999 उजाडला. शलमोनाने येथे जांभई दिली आणि मग ती वहीत लिहावी की नाही, असा त्याचा चेहरा झाला.

रूथ म्हणाली, "मला हा वाद फिलिप्पैकरांच्या पत्रातील दोन ओळींत संपलेला दिसतो. भीत व कापत आपले तारण साधून घ्या, असे पौल म्हणतो, आणि त्याच दमात सांगतो की इच्छा करणे आणि ती कृतीत आणणे या दोन्ही गोष्टी तुमच्यात देवच घडवून आणतो. तो दोन्ही बाजू एकत्र धरतो आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. निश्चयाबद्दल बोलायचे तर, अविनाश, माझा निश्चय मला लोकांपुढे चांगले दिसण्यापर्यंत नेतो आणि तेथे सोडून देतो. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हे ज्या दिवशी मला खरे वाटते, त्या दिवशी मला चांगले दिसण्याची घाई उरत नाही. ती घाई गेली की समोरच्या माणसाकडे पाहायला फुरसत मिळते. माझ्यापुरती कृपेची व्याख्या एवढीच आहे."

काही वेळ कोणी बोलले नाही. अविनाश तर्काने हरला नव्हता, आणि त्याने ते लगेच सिद्ध केले. त्याने जॉन न्यूटनचे नाव काढले. हा इंग्रज खलाशी 1748 मध्ये समुद्रातील वादळात देवाला शरण गेला, एवढेच सहसा साक्षींमध्ये सांगितले जाते. त्यानंतर तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला, रविवारी खलाशांसाठी उपासना घेत राहिला, आणि 1754 मध्ये समुद्र सोडला तो आजारामुळे, पश्चात्तापामुळे नव्हे. 1764 मध्ये त्याला पाळकाची दीक्षा मिळाली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिले ते 1788 मध्ये.

"चाळीस वर्षे," अविनाश म्हणाला. "तुमचा आत्मा इतका सावकाश काम करतो का? आणि त्या चाळीस वर्षांची किंमत न्यूटनने मोजली नाही. ती जहाजाच्या तळाशी साखळ्यांत असलेल्या लोकांनी मोजली."

शलमोन म्हणाला की न्यूटन तेव्हा इंद्रियदमनाच्या पायरीवर असावा. त्याचे हे विधान येथे नोंदवण्यापलीकडे मी त्यावर काही करू इच्छित नाही.

रूथने मात्र न्यूटनची बाजू घेतली नाही, आणि मला ती त्या संध्याकाळी सर्वांत जास्त पटली ती याच ठिकाणी. ती म्हणाली की सावकाश वाढणे ही नेहमीच निरागस गोष्ट नसते, कारण माझ्या अपुऱ्या वाढीखाली कोणीतरी चिरडला जात असतो आणि त्याला माझ्या आध्यात्मिक प्रवासाशी काही कर्तव्य नसते. न्यूटनने स्वतःही पुढे लिहिले की आपण त्या धंद्याचे हस्तक होतो, ही गोष्ट आठवली की मान खाली जाते. परंतु त्याच काळात, त्याच ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा जॉन वूलमन नावाचा क्वेकर, म्हणजे शांततावादी ख्रिस्ती पंथातील माणूस, अमेरिकेत होता. तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून त्याने एका काळ्या स्त्रीच्या विक्रीचा कागद लिहून दिला, त्याचे मन खाऊ लागले, आणि गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे, असे त्याने तेथेच मालकाला बोलून दाखवले. कागद लिहिला, ही त्याची दुर्बलता होती. पण ती अस्वस्थता त्याने प्रार्थनेत बुडवून टाकली नाही. पुढे तो गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरोघरी गेला, त्यांच्याशी न चिडता बोलला, आणि ज्यांच्या घरी राहिला तेथील गुलामांना त्यांच्या सेवेचे पैसे देऊ लागला. यजमान ओशाळत असतील, पण तो पैसे देई. 1772 मध्ये तो वारला, आणि 1776 मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली.

"मला वूलमनचा सौम्यपणा हवा आहे," ती म्हणाली. "सौम्यपणा म्हणजे कोणाला न दुखावणे, असे आपण समजतो. तो माणूस कोणावर ओरडला नाही आणि एकाही घरात त्याने मूळ मुद्दा सोडला नाही. आपल्याकडे जो मुद्दा सोडतो त्याला प्रेमळ म्हणतात आणि जो सोडत नाही तो ओरडत असतो."

हे शेवटचे वाक्य माझ्याकडे पाहून म्हटले गेले, असे जॉन सरांचे मत पडले. मी ते मान्य केलेले नाही.

अविनाशने विचारले की मग आपण न्यूटनच्या वाटेवर आहोत की वूलमनच्या, हे माणसाला कळावे तरी कसे. त्यावर सरांनी मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याची गोष्ट सांगितली, आणि ती सांगण्यासाठीच त्यांनी इतका वेळ धीर धरला असावा. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या मेथडिस्ट मंडळीवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. ते फेडण्यासाठी सुमारे बारा जणांचे गट करण्यात आले, आणि प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने दर आठवड्याला घरोघरी जाऊन माणशी एक पेनी गोळा करावी, असे ठरले. पैसे मागायला गेलेल्या पुढाऱ्यांना सभेत कधीच दिसले नसते ते दिसले, म्हणजे लोक आपापल्या घरात कसे वागतात ते. वेस्लीने ओळखले की आपल्याला हवी असलेली व्यवस्था कर्जाच्या निमित्ताने हाती आली आहे, आणि ते गट एकमेकांच्या जिवाची विचारपूस करणारे गट झाले.

"म्हणून साक्ष देणाऱ्याला साक्ष विचारू नये," रूथ म्हणाली. "ती त्याच्या घरच्यांना विचारावी. शलमोनाचा राग गेला की नाही, हे त्याच्या बायकोने उभे राहून सांगावे. मी पहिल्या बाकावर बसेन."

शलमोन म्हणाला की त्याची पत्नी लाजाळू आहे. मग स्वतःची बाजू भक्कम करण्यासाठी त्याने वही उघडून एक नोंद आम्हाला वाचून दाखवली. तीत अविनाशला त्याने मनातून पूर्ण क्षमा केल्याचे तारखेसह लिहिले होते. सरांनी विचारले की ज्या अपराधाची क्षमा केली, त्याचीही तारीख वहीत आहे का. "आहे, म्हणजे काय," शलमोन म्हणाला, आणि त्याने मागची पाने उलटून गीताचे नाव, कडवे आणि हसण्याचा अंदाजे कालावधीही सांगितला. प्रीती अपकार स्मरत नाही, हे करिंथकरांच्या पहिल्या पत्रातील वचन त्या क्षणी एकाच वेळी तिघांच्या ओठांवर आले आणि हसण्यामुळे एकालाही ते पूर्ण करता आले नाही.

हसू ओसरल्यावर रूथने त्याला सांगितले की इफिसकरांच्या पत्राप्रमाणे राग मनात असताना सूर्य मावळू द्यायचा नसतो, आणि या प्रकरणात तो किती वेळा मावळला, हे वहीवरून काढता येईल.

"पौलाने कोणत्या दिवसाचा सूर्य, ते सांगितलेले नाही," शलमोन म्हणाला.

"अरे, मग तू ध्रुवावर राहायला जा," अविनाश न राहवून थेट त्यालाच म्हणाला. "तिथे तुला सहा महिन्यांची सवलत मिळेल."

"आणि तू तिथे येऊ नकोस," शलमोनही थेट त्यालाच म्हणाला, "तुझे हसणे बर्फावर फार लांब ऐकू येईल."

आपण काय केले, हे दोघांच्याही लक्षात एकदमच आले. शलमोनाने घाईघाईने वही मिटली आणि तो सरांकडे वळून म्हणाला, "जॉन सर, त्यांना सांगा की हे मी त्यांना उद्देशून बोललो नाही."