वहिनींचे मेतकूट, मालक भाऊजी

खाद्यपदार्थांचा घरगुती व्यवसाय सुरू करताय? अभिनंदन! भाजणी कोण भाजणार, पोळ्या कोण लाटणार, पहाटे चारला कोण उठणार हे तुमच्या घरात ठरलेलंच असेल. ठरायचं राहिलंय ते एवढंच की कागदावर मालक कोण. त्यासाठी कायदे वाचत बसू नका. मी कर सल्लागार आहे, माझे सल्ले घ्या. घरात माझं कोणी ऐकत नाही, म्हणून तुम्हाला फुकट देते.

सगळ्यात सोपी म्हणजे प्रोप्रायटरशिप, आणि ती मिस्टरांच्या नावावर. करार नको, वेगळी नोंदणी नको. कायद्याच्या लेखी माणूस आणि त्याचा धंदा एकच. 'अगं, सध्या माझ्या नावावर करू, नंतर बघू,' असं ते म्हणाले की मान डोलवायची. ओटीपी त्यांच्या फोनवर येतो, बँकेत त्यांना ओळखतात. तुम्हाला काय, नुसतं काम येतं.

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी हा सल्ला मी देण्याआधीच तंतोतंत पाळलाय. मागच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर बँकेत गेले होते. भाजणी-मेतकुटासाठी पल्व्हरायझर आणि पाकिटं सील करायचं मशीन घ्यायचंय. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १० लाख. साहेबांनी फाइल चाळली. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी भाऊजींची, फूड लायसन्स भाऊजींचं, जीएसटी भाऊजींचा, चालू खातं भाऊजींचं. 'मग मॅडम, तुमचा या धंद्याशी संबंध काय?'

जाऊबाईंनी पर्समधून दोनशे ग्रॅमचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पुढे नऊवारी, नथ आणि 'वहिनींचे मेतकूट'. मागे बारीक अक्षरांत प्रोप्रायटर म्हणून भाऊजींचं नाव. साहेबांनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि परत दिलं. त्यांचंही काही चुकलं नाही. या योजनेत अर्जदाराकडे धंद्याची मालकी असावी लागते. ज्यांच्याकडे ती होती ते त्या वेळी आपल्या नोकरीवर होते. मेतकुटात मेथी किती घालायची, हे त्यांना आजही सांगता यायचं नाही.

बरं, भाऊजींचं म्हणणं असं की, 'माझ्या नावावर असलं की टॅक्सचं सोपं पडतं.' सोपं? जाऊबाईंनी मिळवलेला नफा भाऊजींच्या पगारावर चढतो आणि त्यावर वरच्या टप्प्याने कर बसतो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर पडत नाही. हाच नफा जाऊबाईंच्या नावावर असता तर कर शून्य. आता कोणी तरी हुशार म्हणेल, नवऱ्याने दिलेल्या भांडवलावरचा नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. धरतात, मला माहीत आहे, माझा धंदाच तो आहे. पण भांडवल नवऱ्याचं नव्हतंच! जाऊबाईंनी माहेरच्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या पाटल्या कुठल्याही कागदावर नाहीत. जाऊबाईंचं रिटर्न नाही, कर्ज नाही, की फेडल्याची नोंद नाही. सगळ्या सोसायटीला दिवाळीत त्यांच्या चकलीची भाजणी लागते आणि कर्जफेडीची पत ठरवणाऱ्या सिबिलच्या लेखी त्या जन्मालाच आलेल्या नाहीत.

असो. पुढचा प्रकार.

भागीदारी करायची तर जिवाभावाच्या मैत्रिणीशी करा, आणि करार अजिबात करू नका. 'आपल्यात कसला गं कागद?' हे वाक्य चहाबरोबर म्हणायचं असतं. कायदा १९३२ चा आहे आणि समंजस आहे: काही ठरलेलं नसेल तर नफातोटा समसमान. म्हणजे शेगडीपुढे उभी राहणारी आणि फक्त ग्रुपवर फोटो टाकणारी, दोघींना निम्मं निम्मं. करार केलाच तर फर्मची नोंदणी तेवढी टाळा, ती ऐच्छिक आहे. एखाद्या कंपनीच्या कँटीनने सहा महिन्यांचं बिल थकवलं की मग कळतं, नोंदणी नसलेल्या फर्मला त्या वसुलीसाठी दावा लावता येत नाही.

एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी करा; वर्षाला फॉर्म ११ आणि फॉर्म ८ भरायचे असतात, हे विलंब शुल्कातून कळू द्या.

एचयूएफ, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबही छान. त्यात बायको सदस्य असते, सहदायाद, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार, नसते. म्हणजे घरात असते तशीच.

पण शोभा हवी असेल तर प्रायव्हेट लिमिटेडला तोड नाही. उलाढाल दोन लाखांची असो की दोन रुपयांची, ऑडिट करावंच लागतं. ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र वेळेत गेलं नाही तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, भाजणी विको न विको. यात सभासद दोन लागतात आणि संचालकही दोन. दुसरी व्यक्ती कोण? अर्थातच बायको! इथे मात्र तिची आठवण होते. पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते तिथे तिने सही करायची. तीन वर्षं विवरणपत्रं गेली नाहीत तर पाच वर्षांसाठी अपात्र ठरणाऱ्यांत तिचंही नाव येतं. 'पण लिमिटेड म्हणजे घरादारावर जप्ती नाही ना?' असं विचारायचं नसतं. कर्ज घेताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी लिहून घेते, तेव्हा ते घरदार आपोआप आत येतं.

बचत गटाचा विचार असेल तर आधी एखाद्या सत्काराला जा. पाहुणे लिज्जतची गोष्ट सांगतातच: १९५९, गिरगाव, सात बायका, उसने ८० रुपये. टाळ्या पडतात. त्या संस्थेत पापड लाटणारी प्रत्येक बहीण मालक आहे, एवढंच सांगायचं राहून जातं. नाही तर घरी गेल्यावर एखादी विचारायची.

बास झालं. आता सरळ बोलते.

एकटी करत असाल तर प्रोप्रायटरशिपच करा, कंपनीबिंपनी नको, पण स्वतःच्या नावावर करा. उद्यम नोंदणी फुकट आहे. त्याचे पैसे घेणारा एजंट दारात उभा करू नका. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकान-आस्थापना कायद्याखाली, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. चालू खातं आणि फूड लायसन्स तुमच्या पॅनवर आणि तुमच्या मोबाईल नंबरवर. तुमच्या म्हणजे तुमच्या, मुलाच्या नव्हे. मैत्रिणीबरोबर करत असाल तर करार आणि नोंदणी, दोन्ही करा आणि मगच पीठ मळा.

आणि भाऊजी मंडळींनो, 'नावात काय आहे, शेवटी घरातच पैसा येतो ना' हे पुन्हा म्हणू नका. नावात काही नसतं तर तुम्ही आपलं घातलं नसतंत. धंदा तुमच्या नावावर आहे म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. पण बायको मशीनसाठी बँकेत गेली आणि साहेबांनी तिला संबंध विचारला, हे ऐकून ज्याला हसू येतं, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचंय आणि ते इथे लिहिता येणार नाही.

जाऊबाई, तुम्हीही. जिवंत नवऱ्याचं लायसन्स बायकोच्या नावावर चढत नाही, नवं काढावं लागतं, नवा चौदा आकडी नंबर येतो, हे मी तुम्हाला सांगितलंय. त्यावर तुमचं उत्तर काय? जुन्या नंबरची छापलेली पाकिटं दोन गोण्या शिल्लक आहेत, ती संपू देत. अहो, गेल्या दिवाळीलाही दोनच गोण्या शिल्लक होत्या. संपत आल्या की भाऊजी नव्या छापून आणतात. रद्दीत घाला ती.