आधीचा मालक

माझ्याकडे ड्रिल मशीन आहे, हे कुणाशी नवी ओळख झाली की पहिल्या पाच मिनिटांत मी सांगून टाकतो. मेहुण्याने वाढदिवसाला दिलं. त्याचा हेतू शुद्ध असावा, पण ते घरात आल्या दिवसापासून मला एकही भिंत बघवेना. पहिल्या महिन्यात तीन फोटो, एक घड्याळ आणि कशासाठी पाडलं ते आता आठवत नाही असं एक भोक, इतकी प्रगती झाली. मग मी विजेकडे वळलो. बाथरूममधल्या आरशावर नवा दिवा बसवला आणि त्याचा स्विच हाताशी यावा म्हणून टबाजवळ सरकवला. मेन स्विच बंद करून, रबरी चपला घालून, एक व्हिडिओ चार वेळा बघून. दिवा लागला. झटका न बसता पहिल्या झटक्यात लागला. आठवडाभर मी त्या आरशात स्वतःकडे जरा वेगळ्याच आदराने बघत होतो.

आठ महिन्यांनी ठरलं की आता अख्खं बाथरूमच नवं करायचं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. बायकोने फक्त "कोण करणार?" एवढंच विचारलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून पुढचा प्रश्न गिळला. फरशा उखडायच्या, नळ दुसऱ्या भिंतीवर न्यायचा आणि मधली एक भिंत पाडून जागा वाढवायची, असा बेत होता. रविवारी सकाळी छन्नीवर हातोड्याचा चौथा घाव पडला आणि दारावरची बेल वाजली.

दारात शेजारचे काका. हातात वर्तमानपत्र, केसांत पांढरी धूळ. ती वयाची नव्हती, माझ्या प्लास्टरची होती.

"परवानगी काढली असेलच," काका म्हणाले. हे वाक्य काही लोक प्रश्नचिन्हाशिवाय म्हणू शकतात आणि त्यानेच ते जास्त लागतं.

"स्वतःच्या घरात कसली परवानगी, काका?"

"भिंत अर्धी माझ्याही घरात आहे."

एवढं बोलून ते गेले. मी आत येऊन त्या भिंतीकडे नव्याने पाहिलं. इतकी वर्षं तिची एकच बाजू बघत होतो. तिला पलीकडूनही कुणीतरी रंग देतं, खिळे ठोकतं, तिच्याकडे पाठ करून झोपतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्या रात्री मी कायदा वाचायला बसलो. लोक रात्री भुताच्या गोष्टी का वाचतात कोण जाणे. इंग्लंड आणि वेल्समध्ये सामाईक भिंतीसाठी १९९६ सालचा एक स्वतंत्र कायदाच आहे. त्या भिंतीचं काम काढायचं तर शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. दोन महिने! माझा कुठलाही बेत डोक्यात येणं आणि त्याची पहिली मोडतोड होणं यांत आजवर दोन तासांपेक्षा जास्त अंतर पडलेलं नाही. तिथेच वारसा म्हणून नोंदलेल्या जुन्या इमारतीत तिचं रूप बदलेल असं काम परवानगीशिवाय केलं तर तो सरळ फौजदारी गुन्हा होतो, आणि इमारत नोंदलेली आहे हे माहीत नव्हतं असं म्हणून सुटका नाही. मी उठून आमच्या इमारतीच्या दर्शनी भागाकडे बघून आलो. वारसा म्हणावं असं तिच्यात काही दिसलं नाही. एरवी मला याचं वाईट वाटलं असतं.

जसजसा वाचत गेलो तसतसं एक लक्षात आलं. देश कुठलाही घ्या, रंगरंगोटीपर्यंत कायदा तुम्हाला सहसा विचारत नाही. भिंत जांभळी करा, नळाचा वॉशर बदला, कपाटाला नवी मूठ लावा, खुशाल करा. प्लास्टरच्या आत शिरलात की मात्र हद्द बदलते. तिथे पाइप आहेत, वायर आहेत, सळया आहेत, आणि त्यातलं काहीच एकट्या तुमचं नाही. पाणी खालच्या मजल्यावर उतरतं, आग वरच्या मजल्यावर चढते. गॅसला तर मजल्यांचं भानच नाही. त्यामुळे त्याच्या पाइपला परवाना नसलेल्या माणसाने बोट लावावं, असं बहुतेक कुठल्याच नियमाला वाटत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र देशोदेशीचे स्वभाव दिसतात. ऑस्ट्रेलियात भिंतीवरचा साधा स्विच बदलायलाही परवानाधारक माणूस लागतो. न्यूझीलंडने घरमालकावर जरा भरवसा टाकलाय: राहत्या घरातलं काही वायरिंग तो स्वतः करू शकतो, पण नव्या वायरिंगमध्ये निरीक्षकाने तपासल्याशिवाय वीज सोडायची नाही. फ्लोरिडात घरमालक स्वतःच ठेकेदार होऊ शकतो. अट अशी की काम संपल्यावर वर्षभरात घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढलं, तर ते त्यासाठीच बांधलं होतं असं कायदा गृहीत धरतो. म्हणजे आपण केलेल्या बाथरूमसोबत निदान एक वर्ष आपणच राहून दाखवायचं. ही अट लिहिणाऱ्याने माझ्यासारखी माणसं जवळून पाहिली असणार.

सगळ्यात कडक निघाला तो हम्मुराबी. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या या राजाने लिहून ठेवलंय की घर कोसळून घरमालक मेला तर ते बांधणाऱ्याला मृत्युदंड, आणि मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला. घरमालक आणि गवंडी एकच असला तर काय, हे त्याने लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नव्हती म्हणा. गुन्हा आणि शिक्षा एकाच ढिगाऱ्याखाली सापडणार.

रात्री साडेबाराला आणखी एक नियम हाती लागला. कित्येक देशांच्या वायरिंगच्या नियमांत बाथरूमचे चक्क विभाग पाडलेले आहेत. टबाचा आतला भाग शून्य क्रमांकाचा, त्याच्यावर जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंत पहिला, आणि टबाच्या कडेपासून बाहेर ०.६ मीटरपर्यंत दुसरा. दुसऱ्या विभागातही नेहमीचा स्विच चालत नाही. मी टेप घेऊन बाथरूममध्ये गेलो आणि टबात उभा राहून मोजलं. ४० सेंटिमीटर. पुन्हा मोजलं. टेप जरा सैल धरला तर ४२ भरत होते. तेवढ्यात बायकोने दार उघडलं. अपरात्री, कोरड्या टबात, कपड्यांसकट उभा असलेला नवरा स्विचला टेप लावतोय, हे बघून तिने काही न विचारता दार पुन्हा लावून घेतलं. तिचं हेच मला आवडतं. पण ती दुसऱ्या दिवशी विचारते.

दुसऱ्या दिवशी तिने विचारायच्या आत मी परवानगीच्या कार्यालयात पोचलो होतो. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज दिला. पहिल्या पानावर मालकाचं नाव, मी लिहिलं. दुसऱ्यावर ठेकेदाराचं नाव, पुन्हा मीच. तिसऱ्या पानावर दोघांमधला करार होता, "मालक व ठेकेदार यांच्यात वाद झाल्यास" असं कलम असलेला. तिथे मी जरा थबकलो. आमच्यात वाद होण्याची शक्यता दाट होती. ठेकेदार वेळ पाळत नाही हे मालकाला पक्कं ठाऊक होतं, आणि मालक दर दोन दिवसांनी बेत बदलतो याचा ठेकेदाराला चांगलाच अनुभव होता.

"ठेकेदाराचा परवाना क्रमांक राहिलाय," बाई म्हणाल्या.

"ठेकेदार मीच आहे."

"मग तुमचा क्रमांक लिहा."

"मला परवाना नाही. पण घर माझंच आहे ना!"

बाईंनी चष्मा काढला. "घर तुमचंच आहे हो. पण वीज तुमची आहे का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. फरशा काढा, नव्या लावा, रंग द्या, ते तुमचं. पाइप हलवायचा तर परवाना असलेला प्लंबर, वायरला परवाना असलेला वायरमन, आणि भिंत पाडायची तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सहीशिक्क्याचा दाखला. "आणि घराचा विमा असेल तर त्याचे कागदही एकदा वाचा," त्या म्हणाल्या. "बिनपरवाना कामामुळे काही झालं तर भरपाई मिळताना अडचण येते." मी मान डोलावली. डोळ्यासमोर ते ४० सेंटिमीटर होते.

इंजिनिअर आले आणि सहा मिनिटांत गेले. आधी इमारतीचा नकाशा पाहिला, मग भिंत, मग तिच्यावरचे माझे चार घाव, आणि शेवटी मी. "ही राहू द्या," ते म्हणाले. "वरच्या मजल्याचा भार हिच्यावर आहे." वरचं अख्खं बिऱ्हाड, कपाटं आणि पाहुण्यांसकट, इतकी वर्षं जिच्यावर उभं होतं तिला मी "ही उगाच मध्ये येते" म्हणत होतो.

वायरमन आला तो जेमतेम पंचविशीचा मुलगा. त्याने बोर्ड उघडला, आत टॉर्च मारला आणि तो प्रश्न विचारला जो जगातला प्रत्येक वायरमन कुठलाही बोर्ड उघडल्यावर विचारतो.

"हे कोणी केलंय?"

"आधीच्या मालकाने," मी म्हणालो.

का म्हणालो ते माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. मागे बायको उभी होती. या घरात आमच्याआधी कुणीही राहिलेलं नाही. ती काहीच बोलली नाही.

"काका, दिवा बंद करा बरं." मी केला. "बंद झाला ना? आता हे बघा." त्याने बल्ब काढून होल्डरमध्ये टेस्टर टेकवला. टेस्टरचा तो इवलासा लाल दिवा पेटला. "स्विच न्यूट्रलवर टाकलाय. तोडायची असते फेजची वायर. यांनी दिवा बंद केला, पण वीज होल्डरपर्यंत येऊन थांबलीच आहे. कुणी ओल्या हाताने बल्ब बदलायला गेलं असतं तर?" त्याने टेस्टर खिशात ठेवला. "वाचलात. आधीच्या मालकाला दिवा लावता येत होता, विझवता येत नव्हता."

त्या आठ महिन्यांत तो बल्ब एकदा मी बदलला होता. अंघोळ करून आल्याआल्या.

मी स्टुलावर बसलो. मुलगा कामाला लागला. स्विच बाथरूमच्या बाहेर नेला, वायरी अदलाबदल करून जागेवर आणल्या आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची गळती जाणवली की वीज तोडणारं यंत्र बसवलं. त्यावरचं चाचणीचं बटण मला दाबायला दिलं. खट्ट आवाज झाला आणि सगळं घर अंधारात गेलं. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं विजेचं तेवढंच काम, आणि ते बरोबर झालं.

अंधारात तो मागच्या बाजूची वायर तपासत होता तेव्हा टॉर्च मी धरला. "थोडा वर. आणखी. हलवू नका, काका." मी नाही हलवला. दहा मिनिटं श्वासही बेतानेच घेतला.

जाताना त्याने काम पूर्ण झाल्याचा फॉर्म भरला. स्वतःचं नाव, परवाना क्रमांक, सही. खाली एक रकाना रिकामा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, काय वाटलं कोण जाणे, आणि तिथे माझं नाव लिहिलं. रकाना होता 'मदतनीस'.

तो कागद मी फ्रेम करून घेतलाय. टांगायला भोक आधीच पाडलेलं होतं. बायकोने भिंतीशी जाऊन तो नीट वाचला आणि म्हणाली, "छान. आधीच्या मालकाला पण एक प्रत पाठवा."