पाटी आहे, झाड कुठंय?

दुतर्फा झाडं आणि प्रत्येक झाडापाशी एक नाव, अशा स्मृतिमार्गावर मी फार हळू चालतो. पाट्या वाचत. सगळ्या. सोबतचे कंटाळून पुढं निघून जातात. पण या खोडीमुळे एक गोष्ट हमखास नजरेला पडते. पाटी ठणठणीत असते, झाड मात्र गेलेलं असतं. आळ्यात वाळका बुंधा, नाहीतर नुसती माती, आणि समोर कुणाचं तरी नाव.

पुतळ्याला पाणी घालावं लागत नाही. स्मरणवृक्ष लावणाऱ्यांना हा फरक कळलेला असतो का, अशी मला शंका येते.

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट शहराबाहेरचा 'अव्हेन्यू ऑफ ऑनर' मला म्हणूनच मोठा वाटतो. पहिल्या महायुद्धासाठी त्या भागातून भरती झालेल्या माणसांच्या नावानं १९१७ ते १९१९ या काळात तिथं सुमारे ३,८०० झाडं लावली गेली. रस्ता जवळपास २२ किलोमीटरचा. पुढाकार सरकारचा नव्हता, कपड्यांच्या एका कारखान्यातल्या सुमारे ५०० कामगार मुलींचा होता. झाडांचा क्रम हुद्द्यावरून ठरला नाही, जो आधी भरती झाला त्याचं झाड आधी. आणि झाडं फक्त मेलेल्यांची नाहीत, परत आलेल्यांचीही आहेत. स्वतःच्या नावाच्या झाडाखालून घरी जाताना त्या माणसाला काय वाटत असेल? शेजारच्या झाडाचा माणूस आलाच नसेल तर?

ऑस्ट्रेलियातल्याच पर्थ शहराच्या किंग्ज पार्कची गोष्ट वेगळी. तिथंही सैनिकांच्या नावानं १९१९ मध्ये ओक लावले. इंग्लंडची आठवण म्हणून ठीक, पण रेताड जमीन आणि कोरडा उन्हाळा ओकला मानवेना. शेवटी त्यांच्या जागी निलगिरीच्या कुळातले वृक्ष आले. नावं तीच राहिली, झाडं बदलली. मला यात काहीच कमीपणा वाटत नाही. कमीपणा वाटतो तो रिकाम्या आळ्याचा.

जेरुसलेमच्या याद वाशेम या नाझींनी केलेल्या ज्यू हत्याकांडाच्या स्मारकात तर १९६२ पासून ज्यूंना वाचवणाऱ्यांच्या नावानं झाडं लावता लावता जागाच संपली, मग नावं भिंतीवर कोरायला सुरुवात झाली.

आपण एवढे उत्साही आहोत की नाही माहीत नाही, पण समारंभ जोरात होतो. फीत, फोटो, हारतुरे. पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, हे मात्र कुणी विचारत नाही. आळ्याच्या कडेपर्यंत फरशी बसवतात, मुळांना पसरायला जागा कुठून मिळणार? रोपाच्या रक्षणासाठी लावलेली लोखंडी जाळी वेळेवर काढत नाहीत, मग खोड फुगतं आणि ती सालीत रुतून बसते. दिसायला एकसारखी म्हणून सगळी झाडं एकाच जातीची लावतात. डच एल्म रोगानं युरोप-अमेरिकेत एल्म या झाडाच्या रांगाच्या रांगा साफ केल्या, तरी हा मोह सुटत नाही.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक पाटीवर नावाखाली एक ओळ वाढवा: आत्ताचं झाड कधी लावलं आणि त्या जागेवरचं ते कितवं. उद्घाटकाचं नाव बारीक अक्षरात बसवा, जागा उरली तर.